मानाचे पाच

आमच्या भोसरीच्या कारखान्यात अँटीव्हायरसला सगळ्यात जास्त भिणारा माणूस म्हणजे तो सांभाळणारे अण्णाच. "चोर वर्षातून एकदा येतो, वॉचमन रोज येतो. मग जास्त लक्ष कुणावर ठेवायचं?" हा त्यांचा सवाल.

नव्या माणसाला चहाच्या आधी २१ एप्रिल २०१० ची कथा ऐकावी लागते. त्या दिवशी मॅकॅफी अँटीव्हायरसची ५९५८ नंबरची डॅट फाइल, म्हणजे व्हायरस ओळखायची यादी, आली आणि तिनं विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट फाइलच व्हायरस म्हणून उचलली. मशीन चालू व्हायची, बंद पडायची, पुन्हा चालू व्हायची. नेटवर्कच गेल्यामुळे उतारा नेटवरून पाठवायचीही सोय उरली नाही. "आणि २०१२ ला सोफोसनं काय केलं? स्वतःच्याच अपडेटरला पकडलं!" इथं अण्णा ठसका लागेपर्यंत हसतात.

आमच्याकडे एकदा पगाराच्या आदल्या दिवशी अँटीव्हायरसनं पगाराचं सॉफ्टवेअरच क्वारंटाइनमध्ये टाकलं. अकाउंट्सच्या मॅडम ओरडत आल्या, "अण्णा, पगार गेला!" तर अण्णा शर्टाच्या बाह्या दुमडत होते, आणि चेहरा तर चक्क खुललेला. आधी त्यांनी ऑटो-अपडेट थांबवलं. नाहीतर मागे नेलेली डेफिनिशन, म्हणजे तीच व्हायरस ओळखायची यादी, तासाभरात पुन्हा पुढे येऊन बसते. मग कन्सोलवरून आदल्या दिवशीची आवृत्ती सगळ्या मशीनवर ढकलली. क्वारंटाइनमधून फाइल सोडवली आणि सूट दिली ती फक्त तिलाच. अख्खा फोल्डर व्हायरसला आंदण द्यायला अण्णा तयार नव्हते.

राहिला सांगलीला गेलेला सेल्सचा पोरगा. त्याला फोन गेला, "लॅपटॉप उघडू नकोस. मी सांगितल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही." मग पगार झाला, पेढे वाटले, आणि त्याला सांगायचं राहूनच गेलं. तो आज्ञाधारक पोरगा दोन दिवस हातानं कोटेशन लिहीत होता.

१९ जुलै २०२४ ला मात्र अण्णांनी डबा न उघडताच परत नेला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका फाइलनं ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली होती. आमच्याकडे ते सॉफ्टवेअर नाही, तरी घरचं कुणी गेल्यासारखी अवस्था. जे मुद्दाम एक आवृत्ती मागे राहत होते, तेही सापडले. मागे राहायची सोय सॉफ्टवेअरपुरती. ही फाइल सगळ्यांना एकदमच गेली. कंपनीनं ७८ मिनिटांत ती मागे घेतली, पण निळ्या पडद्यावर अडकलेलं मशीन ते ऐकणार कसं?

तेव्हापासून 'मानाचे पाच' सुरू झाले. नवी डेफिनिशन आधी पाच मशीनवर, चार तासांनी बाकीच्यांवर. तेवढा वेळ नव्या व्हायरसला दार उघडं राहतं हे अण्णा जाणतात, म्हणून पाचवा तास नाही. पाचांची निवड ज्येष्ठतेवर होत नाही. मशीन अडकल्यावर ज्याची बोंब अण्णांच्या पहिल्या मजल्यापर्यंत येते, तो मानकरी. परचेसचे साहेब पहिल्या मानाचे. त्यांना हा बहुमान वाटतो आणि अण्णा तसं वाटू देतात.

परवा एचआरच्या नव्या मॅडम तणतणत आल्या. "सगळं नवीन आधी परचेसला? आम्ही काय पाप केलंय?" काचेचं दार बंद होतं, तरी बाहेर कॅन्टीनवाला दचकला. अण्णांनी कौतुकानं त्यांच्याकडे पाहिलं आणि यादी पुढे ओढली. "मॅडम, तुम्ही इतके दिवस होता कुठे?"