पाणीगेट जागचं हललं नाही

जुन्या बडोद्याला चार वेशी: लहेरीपुरा पश्चिमेला, चांपानेर उत्तरेला, गेंडीगेट दक्षिणेला आणि पूर्वेला आमचं पाणीगेट. सुलतानी गेली, गायकवाडी गेली. गेट होतं तिथंच आहे. परवा मुंबईहून बडोद्याला येताना विमानाचं गेट मात्र दीड तासात तीनदा हललं. गुडघेदुखीवर हा नवा व्यायाम असावा.

कंपनीचं नाव घेत नाही. नावं वेगळी, सँडविच एकच. छोट्या पल्ल्याचं विमान दोन तासांहून जास्त रखडलं तर प्रवाशाला खाणंपिणं द्यावं, सहा तासांहून जास्त रखडणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम. म्हणूनच की काय, आमचा उशीर आधी पन्नास मिनिटांचा, मग आणखी चाळीस मिनिटांचा. नियमाला भूक लागू न देण्याची ही कला. शेवटी सँडविच आलं. इतकं गार, की आतल्या काकडीला स्वेटर घालावासा वाटला. (आमच्याकडे सेव-उसळ मागताच समोर येते, तीही डोळ्यांत पाणी आणणारी.)

कारण विचारलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “ऑपरेशनल रीझन, सर.” मी अपेंडिक्स काढल्याच्या चेहऱ्यानं परत येऊन बसलो.

तासाभराच्या उड्डाणासाठी सहा तास मोडले. तेवढ्या वेळात आगगाडी मला घरी सोडून परत मुंबईच्या वाटेला लागली असती. बडोद्याच्या हरणी विमानतळावर उतरलो तेव्हा मध्यरात्र उलटलेली. रिक्षावाल्याला म्हटलं, “पाणीगेट.”

“बेसी जाव, काका.”

खिडकीकडे बसलो. त्याचे वेगळे पैसे त्यानं घेतले नाहीत.