साडेएक्कावन्न

गेल्या महिन्यात आमच्या घरात एक डबा आला. काळाकुट्ट, वर सोनेरी अक्षरं आणि दंड फुगवून उभा असलेला एक गृहस्थ. आकार साधारण ऑइलपेंटच्या डब्याएवढा. मला वाटलं, बाल्कनीचं गंजलेलं ग्रिल रंगवायचा चिरंजीवांचा विचार दिसतोय. पोरगा कधीतरी आपणहून घरचं काम अंगावर घेईल, ही आशा बापानं सोडायची नसते. उघडून बघितलं तर डबा निम्मा रिकामा, तळाशी किलोभर पांढरट भुकटी आणि तिच्यात रुतलेला प्लॅस्टिकचा चमचा. त्या चमच्याला स्कूप म्हणायचं असतं. भुकटीची किंमत तीन हजार दोनशे रुपये. ग्रिल दोनदा रंगवून झालं असतं.

"प्रोटीन आहे, बाबा. आपल्या जेवणात प्रोटीनच नसतं," चिरंजीव म्हणाले. वरणभात कालवता कालवता म्हणाले.

माझी आई समोरच भाकरी मोडत बसली होती. आई लातूरची. लातूर म्हणजे डाळ मिलचं गाव. तिथल्या माणसाच्या ताटासमोर बसून डाळीत काही नसतं म्हणणं, हे कोल्हापूरकराकडे जेवायला जाऊन तांबड्या रश्श्याला सूप म्हणण्यासारखं आहे. आईनं घास खाली ठेवला.

"प्रोटीन म्हंजे काय रे?"

"आजी, प्रथिनं."

"मग तसं म्हण की. डाळीत काय माती असती व्हय?"

चिरंजीवांनी मोबाइल काढला. जिममधल्या सरांनी सांगितलंय म्हणे, वजनाच्या दुप्पट ग्रॅम प्रथिनं रोज पोटात गेली पाहिजेत. चिरंजीवांचं वजन ६२ किलो. म्हणजे रोज १२४ ग्रॅम. हे सर स्वतःच डबे विकतात, हा निव्वळ योगायोग असावा.

मी हिशेबाचा माणूस. लाइट बिलाच्या पाठीमागं मांडलं. आपल्याकडं पोषणाचं माप ठरवणारी संस्था हैदराबादला आहे, राष्ट्रीय पोषण संस्था. तिचं माप निरोगी प्रौढाला किलोमागं ०.८३ ग्रॅम. बासष्टला गुणलं की साडेएक्कावन्न ग्रॅम येतात. अंगमेहनत करणाऱ्याला, खरोखर वजनं उचलणाऱ्याला थोडं जास्त लागतं, हे मला मान्य. पण आमचे चिरंजीव जिममध्ये निम्मा वेळ आरशासमोर असतात आणि उरलेला निम्मा तो आरसा मोकळा व्हायची वाट बघत असतात. त्यांना साडेएक्कावन्न पुरावेत.

आकडा बघून आईचा चेहरा खुलला. "एक्कावन्न? आहेराचा आकडा हाय की. घाल हिशेब."

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. दोन ज्वारीच्या भाकरी, १२ ग्रॅम. मूठभर तुरीच्या डाळीचं वरण, साडेसहा. मोड आलेल्या मटकीची उसळ, ९. भाजीत आणि चटणीत मिळून दोन मोठे चमचे दाण्याचं कूट, ५. पेलाभर दूध, साडेसहा. वाटीभर दही, ३. भात साडेतीन. आणि एक उकडलेलं अंडं, ६. बेरीज साडेएक्कावन्न. मी दोनदा केली. आईनं ताटाकडं असं बघितलं, जणू तिला हे आकडे लग्न होऊन आली तेव्हापासून माहीत होते आणि कुणी विचारलं नाही म्हणून तिनं सांगितले नव्हते.

"पण डाळीचं प्रोटीन अपूर्ण असतं," चिरंजीवांनी शेवटचं अस्त्र काढलं.

हेही खरं आहे. डाळीत मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं आणि तांदूळ-ज्वारीत लायसीन कमी असतं. पण डाळीत लायसीन भरपूर, धान्यात मेथिओनिन पुरेसं. एका घरी विरजण नाही, शेजारच्या घरी साखर नाही, एवढीच ती भानगड. वाट्या इकडून तिकडे गेल्या की दोन्ही स्वयंपाक निघतात. वरण आणि भात, पिठलं आणि भाकरी, उसळ आणि पोळी, डाळ आणि बट्टी, कुळथाची पिठी आणि भात हा सगळा आपला जुना शेजारधर्म आहे. फक्त त्याच्या डब्यावर दंड फुगवलेला गृहस्थ छापायचं आपल्या पूर्वजांच्या लक्षात आलं नाही. मेतकूट तरी दुसरं काय आहे? डाळी आणि धान्य भाजून, दळून केलेली पिवळी भुकटी. तेच मेतकूट उद्या कुणी 'प्लांट प्रोटीन ब्लेंड' म्हणून काळ्या डब्यात भरलं, तर आमचे चिरंजीव रांगेत पहिले असतील.

भुकटी कशाची करतात, हे आईला समजून घ्यायचं होतं. चिरंजीवांनी सांगितलं, व्हे. दूध नासवून चीज करतात, तेव्हा जे पाणी सुटतं ते.

"म्हंजे चक्क्याचं पाणी?"

"तसलंच."

आईला हसू आवरेना. पाडव्याच्या आदल्या रात्री आमच्याकडं दही पंच्यात बांधून नळाला टांगतात. सकाळी खालच्या पातेल्यात हिरवट पाणी साचलेलं असतं. त्यात कणीक भिजवायची, उरलं तर तुळशीला. परदेशातले चीजचे कारखाने हे पाणी पूर्वी डुकरांना पाजत किंवा नदीत सोडत. लिटरभर पाण्यात प्रथिनं असतात सहा-सात ग्रॅम. ती गाळून, वाळवून, व्हॅनिलाचा वास लावून आता आपल्याकडं येतात. प्रथिनं अस्सल आहेत, त्यात खोट काढायची नाही. पण पन्नास पाडव्यांचं चक्क्याचं पाणी कणकेत घातलेल्या बाईला तीन हजार दोनशे हा आकडा पचायला थोडा वेळ लागणारच.

तेवढ्या पैशात किराणा दुकानातून वीसेक किलो तूरडाळ येते. डब्यात प्रथिनं भरतात पाऊण किलो, वीस किलो डाळीत चार किलोच्या वर. पचायला डाळ थोडी मागं पडते म्हणतात. पडू दे. एवढ्या आघाडीवर थोडं मागं पडायला हरकत नाही.

इथवर मी जिंकत होतो. मग माझीच बुद्धी फिरली आणि आपण खरंच मूठभर डाळ लावतो का, हे बघायला मी स्वयंपाकघरात गेलो. वजनकाटा होताच, चिरंजीवांनी ओट्स मोजायला आणलेला. पाच माणसांच्या कुकरला आमच्याकडं डाळ पडते ऐंशी ग्रॅम. माणशी सोळा. म्हणजे वाटीतली प्रथिनं साडेतीन ग्रॅम. बाकी पाणी, हळद, हिंग आणि परंपरा.

सौ.ला विचारलं तर म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं, जपून वापर."

सांगितलं होतं खरं. २०१५ साली, दिवाळीच्या तोंडावर तूरडाळ दोनशे रुपये किलो झाली होती. सराफकट्ट्यावर डाळ मिळते असे विनोद चालले होते. तेव्हा घरोघरी वरणात एक एक वाटी पाणी वाढलं. पुढच्या हंगामात पाऊस झाला, शेतकऱ्यानं तूर पेरली आणि २०१७ मध्ये मराठवाड्यात एवढी तूर आली की क्विंटलमागं ५०५० रुपयांच्या हमीभावासाठी खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या आणि तूर भरायला बारदाना मिळेना. माझा चुलतभाऊ तीन रात्री पोत्यांवर झोपला होता. डाळ उतरली, पण वरणात वाढलेलं पाणी कुणी परत काढून घेतलं नाही. आमच्या घरात तर नाहीच. पेट्रोल महागलं की रिक्षाचं भाडं वाढतं आणि पेट्रोल उतरलं तरी तिथंच राहतं, तसं.

म्हणजे चिरंजीवांचं वाक्य अगदीच खोटं नव्हतं. हैदराबादच्याच संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शिकेत म्हटलंय की डाळी, मांस, मासे मिळून रोजच्या ऊर्जेत १४ टक्के वाटा हवा, प्रत्यक्षात तो ६ ते ९ टक्के असतो. बाकी पोट आपण पोळ्या आणि भातानं भरतो. त्याच मार्गदर्शिकेत प्रथिनांच्या पावडरी टाळा असंही लिहिलंय. चिरंजीवांनी पहिलं वाक्य मला फॉरवर्ड केलं, मी दुसरं त्यांना. कुटुंबात संवाद वाढला.

आता सगळीकडं प्रोटीन आहे. बिस्किटात, ब्रेडमध्ये, कुल्फीत आहे. परवा दुकानात भाजलेल्या शेंगदाण्याच्या पुडीवर ठळक 'हाय प्रोटीन' लिहिलेलं बघितलं. शेंगदाण्यात शंभराला पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं पहिल्यापासूनच होती, पण कागदाच्या पुडीत मिळत होते तोवर त्यांनी कधी सांगितलं नाही. लाजाळू असावेत. उपासाच्या साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, त्याची अब्रू वर्षानुवर्षं या शेंगदाण्यानंच राखली आहे.

आमच्या सोसायटीत पाचव्या मजल्यावर एक मालवणी कुटुंब राहतं. त्यांच्याकडं महिन्यातून एखाद्या रविवारी सुके बोंबील भाजले जातात. सुक्या बोंबलात शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे काळ्या डब्याला टक्कर द्यायला हा एकच भिडू. पण बोंबील भाजले की कमिटीकडं वासाची लेखी तक्रार जाते. जिमवरून आलेले टीशर्ट तीन तीन दिवस लिफ्टमधून फिरतात, त्याबद्दल आजवर एकही तक्रार नाही. तो घाम प्रोटीनचा असतो.

अंड्याचंही तसंच. चिरंजीव सकाळी चार अंडी उकडतात आणि पांढरं खाऊन पिवळं टाकून देतात. अंड्यातल्या सहा ग्रॅमांपैकी अडीच-एक ग्रॅम पिवळ्यात असतात. म्हणजे दिवसाला दहा ग्रॅम कचऱ्यात आणि ते भरून काढायला वर स्कूप. आई म्हणाली, "कोंबडीला कळलं तर अंडी द्यायची बंद हुईल."

अंडी रोज खा म्हणून दूरदर्शनवर वर्षानुवर्षं सांगणारी समिती १९८२ मध्ये स्थापन झाली, तिचं मुख्यालय आपल्या पुण्यातच. ते सोमवार-रविवारचं गाणं अख्ख्या देशाला पाठ आहे. त्याच महाराष्ट्रात सरकारी शाळेतल्या पोरांना आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं नोव्हेंबर २०२३ मध्ये. न खाणाऱ्याला केळं. अंड्यामागं पाच रुपये. शाळेच्या माध्यान्ह जेवणात पहिली ते पाचवीच्या पोराला १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे, त्यासाठी डाळ माणशी वीस ग्रॅम धरतात. म्हणजे कागदावर तरी शाळेचं वरण आमच्या घरच्यापेक्षा दाट आहे. त्यात आठवड्याला एक अंडं म्हणजे पोरांची मोठीच चैन. ती चौदा महिने टिकली. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं निर्णय काढला, अंड्यासाठी वेगळा निधी मिळणार नाही. द्यायचं असेल तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावं.

लोकवर्गणी हा शब्द वाचून मला खाशाबा जाधव आठवले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, हेलसिंकी, १९५२. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान फिनलंडला गेला तो गावकऱ्यांच्या वर्गणीवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी त्यासाठी आपलं घर गहाण ठेवलं होतं. त्याला सत्तरहून जास्त वर्षं झाली. आपल्या क्रीडा आणि पोषण धोरणात सातत्य नाही असं यापुढं कुणी म्हणू नये.

आमच्या घरात तह झालाय. डबा संपेल तेव्हा संपेल, नवा आणायचा नाही. कुकरला डाळ दीडशे ग्रॅम. पिवळं खायचं. सौ.नं एक अट घातली, मोजायचं काम ज्याला हिशेबाची हौस आहे त्यानं करायचं. म्हणून रोज संध्याकाळी सात वाजता मी ओट्याशी काटा घेऊन उभा असतो.

तुमच्या घराजवळ एखादी जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा असेलच. एकदा जाऊन मुख्याध्यापकांना विचारा, अंडं कुठल्या वारी असायचं आणि या आठवड्यात मिळालं का. मिळालं नसेल आणि घरात काळा डबा असेल, तर त्याच्या किमतीला पाचनं भागा. सहाशे चाळीस येतात. वर्गणीची पावती मागून घ्या.