'टर्मिनेटर २' पुन्हा पाहणाऱ्यांसाठी आचारसंहिता

जेम्स कॅमेरॉनचा 'टर्मिनेटर २ : जजमेंट डे' १९९१ साली आला. तो ज्यांना तोंडपाठ आहे आणि ज्यांच्या शेजारी तो कधीच न पाहिलेला भाचा बसला आहे, अशांसाठी ही नियमावली. भाच्याला मार्गदर्शनाची गरज नाही. त्याला फक्त मामापासून वाचवायचं आहे.

१. आवृत्ती : थिएटरात लागलेली १३७ मिनिटांचीच दाखवावी. वाढीव आवृत्तीत टर्मिनेटर या यंत्रमानवाच्या डोक्यातली चिप आरशासमोर काढतात. तो आरसा नसून नुसती चौकट आहे. पलीकडे खरे अरनॉल्ड श्वार्झनेगर आणि लिंडा हॅमिल्टन, अलीकडे अरनॉल्डचा पुतळा आणि लिंडाची जुळी बहीण. एवढा ऐवज पोटात ठेवून गप्प बसणं अवघड असतं. म्हणून तो प्रसंगच टाळलेला बरा.

२. मौन : पहिला अर्धा तास कडकडीत पाळावं. १९८४च्या पहिल्या भागात अरनॉल्ड मारेकरी होता. इथे भविष्यातून दोघे येतात आणि दोघेही जॉन कॉनर या पोराच्या मागावर असतात. एक लेदर जॅकेटातला धिप्पाड, दुसरा पोलिसी गणवेशातला सडपातळ नि सभ्य. पोराला वाचवायला कोण आलंय, हे मॉलच्या मागच्या बोळात गुलाबांच्या खोक्यातून बंदूक निघेपर्यंत कॅमेरॉन कळू देत नाही. हे गुपित तेव्हाच्या ट्रेलरनेच फोडून टाकलं होतं. घरात तरी फुटू नये. भाच्याने "मामा, हाच व्हिलन ना?" असं विचारल्यास "चहा घेतोस का?" एवढंच म्हणावं.

३. नजर : मनोरुग्णालयातला पहारेकरी मशीनमधून कॉफी घेतो. कपावर छापलेले पत्ते जिंकणारे निघाले म्हणून स्वारी खूश होते. तेवढ्यात त्याच्या पाठीमागे काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी फुगते, उभी राहते आणि हुबेहूब त्याचंच रूप घेते. या क्षणी आपण पडद्याकडे बघू नये, भाच्याकडे बघावं. तो पुढे सरकून बसला असेल, तर कोपराने ढोसून "बघितलंस?" विचारू नये. त्याने बघितलेलं असतं.

४. ज्ञानदान : फक्त मध्ये सिनेमा थांबवला तरच, तेही दोन वाक्यांत. त्या पहारेकऱ्याच्या जागी खरोखरचे जुळे भाऊ होते, हे एक. दुसरं, संगणकावर केलेली दृश्यं काही मिनिटांचीच आहेत. फरशीतून उगवणाऱ्या त्या मारेकरी यंत्राच्या, म्हणजे टी-१०००च्या, छातीवर गोळ्यांनी उमटणारी चंदेरी फुलं स्टॅन विन्स्टनच्या कारागिरांनी हाताने बनवली होती. चार ऑस्करची यादी मागितल्याशिवाय देऊ नये. ती कोणी मागत नाही.

५. शेवट : वितळलेल्या पोलादात टर्मिनेटरचा अंगठा दिसेनासा होईपर्यंत दिवा लावू नये, पाणी प्यायला उठू नये, "आता बघ हं" म्हणू नये. माणसाला रडू का येतं ते आपल्याला समजलं, असं यंत्र नुकतंच सांगून गेलेलं असतं. अशा वेळी माणसाने थोडं थांबावं.

६. अपवाद : दिवा लागल्यावर भाचा विचारील, "याच्यापुढचा भाग आहे का?" २००३पासून चार निघाले आहेत. तरीही त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून ठामपणे "नाही" म्हणावं. इतका वेळ तोंड बंद ठेवणाऱ्याला एवढं एक खोटं माफ आहे.