भाड्याच्या अंगणातील जलाशय

नागपुरात मे महिन्याच्या अखेरीस नवतपा लागतो, पारा 45 अंशांच्या आसपास मुक्काम ठोकतो आणि वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलरही उष्ण उसासे टाकू लागतो. अशा समयी ज्या सद्गृहस्थाच्या वाट्याला भाड्याच्या तळमजल्याबरोबर थोडेसे अंगणही आले आहे, त्याच्या चित्तात जलक्रीडेची वासना उत्पन्न व्हावी यात अस्वाभाविक असे काही नाही. लोखंडी नळ्यांच्या चौकटीवर जाड प्लास्टिकचे कापड ताणून, जमीन न खोदता उभा करता येणारा हौद हल्ली दुकानात तयार मिळतो. त्याच्या खोक्यावर हसतमुख कुटुंबाचे रंगीत चित्र असते आणि त्या चित्रात घरमालक कोठेही दिसत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत लेखनाचा प्रपंच आहे. फुटाळ्याचा तलाव भोसल्यांनी बांधला तेव्हा त्यांना कोणाच्या लेखी संमतीची गरज पडली नसावी. भाडेकरूची गोष्ट निराळी आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याच्या 16व्या कलमान्वये भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीवाचून पक्के बांधकाम केल्यास मालकास जागेचा ताबा मागता येतो. मात्र लाकडी पडदी, स्वयंपाकाचा ओटा, वातानुकूलन यंत्र इत्यादी कामे पक्क्या बांधकामात गणू नयेत, असा खुलासाही त्या कलमास जोडलेला आहे. कायदेमंडळाला ओट्याची आठवण राहिली आणि हौदाची राहिली नाही, हे वकिलांच्या पथ्यावर पडण्यासारखे आहे. त्यातून आपला दस्त बहुधा अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सचा असतो, म्हणजे भाडेकरू हे बिरुदही आपणांस कायद्याने पुरते लाभलेले नसते. तेव्हा कलमांची ढाल पुढे न करता आर्जवाचा मार्ग स्वीकारावा हे श्रेयस्कर. दरखास्त महिन्याच्या पहिल्या तारखेस, भाडे पोचते केल्यानंतर आणि चहा येण्यापूर्वी मांडावी. आणि ती मालकांपुढे न मांडता मालकीणबाईंपुढे मांडावी. तरणतलाव हा शब्द मुखावाटे निघू देऊ नये. ‘‘काकू, पोट्ट्यांसाठी पाण्याचा एक टब मांडून राहिलो अंगणात,’’ एवढेच म्हणावे. ‘‘केवढा टब?’’ असा प्रश्न आल्यास ‘‘गोल आहे,’’ असे उत्तर द्यावे, कारण ते सत्य असते. होकार मिळताच तो दोन ओळींत लिहून घेऊन त्यावर काकांची सही घ्यावी. तोंडी संमती पहिल्या गळतीबरोबर वाहून जाते.

यानंतर भूमीचा विचार. दहा फूट व्यासाच्या हौदाचा तळ सुमारे सात चौरस मीटर भरतो. त्यात 60 सेंटिमीटर पाणी घेतले तर ते 4,200 लिटर, म्हणजेच वजनाने सव्वाचार टनांच्या घरात जाते. हे वजन ध्यानी आल्यावर काही उत्साही जनांना गच्चीची आठवण होते, कारण तेथे एकांत असतो आणि चांदणे दिसते. त्यांनी हे जाणून असावे की, वावराच्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार दर चौरस मीटरला साधारण 150 किलो आहे आणि आपल्या हौदाचा भार त्याच्या चौपट, 600 किलो. अशा स्थितीत चांदण्याऐवजी मालकांच्या दिवाणखान्याचे दर्शन घडण्याचा संभव अधिक. अंगणच बरे. परंतु नागपूरची काळी रेगूर मातीही भरवशाची नव्हे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पाणी लागले की फुगते, आणि ज्या जागी सकाळी पाणसळीचा बुडबुडा मधोमध होता तेथे आठवड्याने हौद एका अंगावर कललेला आढळतो. कललेल्या हौदात पाण्याचा दाब एकाच बाजूच्या नळ्यांवर पडतो व एखाद्या रात्री संपूर्ण जलाशय शेजाऱ्यांच्या ओसरीकडे प्रस्थान ठेवतो. यास्तव वरची माती खरवडून मुरूम पसरावा, तो धुम्मसाने ठोकावा, वर बारीक वाळूचा थर व त्यावर ताडपत्री घालावी. उंच जागा खणून सखल जागेशी मिळवावी. सखल जागी भर घालून बरोबरी साधू नये, भर बसते. आणि खणण्यापूर्वी पाण्याची व मैल्याची नळी कोठून गेली आहे ते काकांना विचारावे; हा प्रश्न ऐकून ते प्रथमच खऱ्या अर्थाने सावध होतील, त्यास इलाज नाही.

पाणी भरण्याचा प्रसंग सर्वांत नाजूक. शहरी माणसामागे दिवसाला 135 लिटर पाणी लागते असे सरकारी नियोजनात धरतात. त्या हिशेबाने आपण एका नागरिकाचा एक महिन्याचा वाटा अंगणात ओतून त्यात डुंबणार आहोत, आणि तेही समोरच्या घरापुढे टँकर उभा असताना. ज्यांच्या आवारात विहीर अथवा बोअर आहे त्यांनीच या भानगडीत पडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एकदा भरलेले पाणी मोसमभर टिकवणे हे त्यानंतरचे कर्तव्य होय. गाळणीचा पंप रोज चालवावा, त्याची वायर विजेच्या गळतीबरोबर प्रवाह तोडणाऱ्या स्विचमधूनच घ्यावी, आणि क्लोरीनचे प्रमाण दर लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम राखावे. ताज्या ब्लीचिंग पावडरीने आरंभ करावयाचा तर पंचवीस-तीस ग्रॅम पावडर बादलीत कालवून, गाळ बसू देऊन, वरची निवळी सायंकाळी सोडावी. उन्हात क्लोरीन उडून जाते, म्हणून रोजची तपासणी चुकवू नये. ही कसूर झाल्यास एडिस डास आठ-दहा दिवसांत आपली प्रजा वाढवतो आणि महापालिकेचे कर्मचारी कूलरच्या टाक्या तपासण्यास आले असता नोटीस मात्र घरमालकांच्या नावे बजावून जातात.

हौद उभा राहिल्याची वार्ता कानोकान पसरते. ज्या आप्तांनी वर्षभर ख्यालीखुशाली विचारली नाही ते टॉवेल घेऊन येतात. मालकांच्या नातवंडांना तर वहिवाटीचा हक्कच प्राप्त होतो, आणि खुद्द काका सायंकाळी काठाशी खुर्ची टाकून, पाय पाण्यात सोडून, हे सर्व कसे अनुचित आहे ते सांगत बसतात. त्यांना बसू द्यावे. लहान मुलांच्या बाबतीत मात्र विनोदास जागा नाही: एक मोठे माणूस सतत काठावर असावे, आणि ते निघाले की शिडी उचलून घरात ठेवावी. गुडघाभर पाण्यातही मूल बुडते, आणि बुडताना ते ओरडत नाही.

जूनच्या मध्याला पाऊस येण्यापूर्वी हौद रिकामा करावा. चार दिवस क्लोरीन न घालता पाणी उन्हात राहू द्यावे व मग बारीक नळीने काकूंच्या झाडांना थोडेथोडे द्यावे; तळाचे बूच एकदम उपसून काढणारा मनुष्य पुढल्या वर्षी त्या घरात राहत नाही. कापड पुसून, पुरते वाळवून घडी घालावी, मुरूम उचलावा, माती पूर्ववत करावी. अनामत रकमेचा विषय या सर्व कामानंतर, जमीन वाळल्यावरच काढावा. ओल्या अंगणात उभे राहून पैसे परत करणारा घरमालक माझ्या पाहण्यात नाही.