नाकाचा मोजणीदार

गोदामं, रस्तारुंदी आणि मेट्रोचे खांब यांच्या गराड्यात राहणाऱ्या भिवंडीच्या टेमघरकरांना जमिनीची मोजणी नवी नाही. मोजणीदार येतो, खुणा लावतो, शेजारी भांडतात, मोजणीदार जातो. पण नाकाचं ऑपरेशन करून घरी आलेला माणूस हा असा मोजणीदार आहे की तो जातच नाही. आठवड्याने नाकावरची पट्टी निघते आणि त्याची नेमणूक होते. सकाळी दात घासायच्या आधी तो आरशासमोर उभा राहतो. समोरून पाहतो, उजवीकडून पाहतो, मग मान वळवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून डावी बाजू पाहतो. शेंडा दोन बोटांनी हलकेच चाचपतो, तो बधिर लागला की घाबरतो, आणि फोन काढून फोटो घेतो. कालचा फोटो, आजचा फोटो, परवाचा फोटो. मग घरच्यांची साक्ष निघते. "डावी बाजू जास्त आहे ना गं?" या प्रश्नाला घरात बरोबर उत्तर नसतं. "नाही" म्हणावं तर तुमचं लक्ष नाही. "थोडीशी" म्हणावं तर जेवणाचं ताट तसंच राहतं. तिसऱ्या दिवसापासून बायको भाजीकडे बघत "हं" म्हणते, आणि तेच सगळ्यांत शहाणपणाचं आहे.

लोक याला नखरा म्हणतात. मला ते पटत नाही. दिसण्याची हौस म्हणावी तर हा माणूस दाढी करत नाही, केस विंचरत नाही आणि चष्मा चिकटपट्टीने कपाळाला टांगून दारात येतो. त्याची गफलत वेगळीच आहे. त्याचं माप चुकतं, आणि मापाचं साधनही. नाकाची सूज तासांनी उतरत नाही. डोळ्यांखालचं काळंनिळं साधारण दोन आठवड्यांत जातं, ठळक सूज पुढच्या काही आठवड्यांत ओसरते, पण शेंड्याची बारीक सूज पुरती जायला वर्षभरही लागतं, आणि नाकाची कातडी जाड असेल तर त्याहून जास्त. रात्रभर आडवं झोपल्यावर पाणी चेहऱ्याकडे जमतं, म्हणून सकाळी नाक फुगलेलं दिसतं आणि दुपारी बरं वाटतं. दोन उशा घेऊन झोपायला डॉक्टर सांगतात ते यासाठीच. दोन्ही बाजू एकाच वेगाने उतरतील असा करारही शरीराने केलेला नसतो. मोजणीदार मात्र सकाळी सातच्या नाकाची तुलना आदल्या दुपारच्या नाकाशी करतो, आणि रात्री पापड-लोणचं चापून उठल्यावर ऑपरेशनला दोष देतो.

साधनाचं तर विचारूच नका. फोन हातभर अंतरावर धरला की कॅमेऱ्याला जवळचं नाक मोठं आणि लांबचे कान लहान दिसतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचं गणित मांडलं: बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे निरोगी नाकालाही फोन हा सुजवतोच. तो फोटो रात्री अकराला डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर जातो, खाली एकच ओळ: "सर, नॉर्मल आहे ना?"

यावर पहिला आक्षेप येतो तो नाक मुरडूनच. ही श्रीमंतांची, सिनेमावाल्यांची दुखणी. यंत्रमागांच्या गावात नाकाचं ऑपरेशन कोण करतं? तर पुष्कळ लोक करतात. आतला पडदा जन्मतः वाकडा असतो, नाहीतर खड्ड्यात दुचाकी आपटून किंवा क्रिकेटचा चेंडू बसून वाकतो. वर सुताचा बारीक कचरा आणि कल्याण रोडची धूळ, मग एका नाकपुडीवर किती दिवस काढणार? गंमत अशी की नुसता पडदा सरळ केला तर बाहेरून नाक सहसा बदलतही नाही. आतल्या सुजेने काही दिवस ते चोंदतं, एवढंच. तरीही मोजणी चालू असते.

आणि नाकाची शस्त्रक्रिया ही परकी चैन आहे असं तर मराठी माणसाने म्हणूच नये. टिपूने नाक आणि एक हात कापलेला कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेत होता. त्याला पुण्यात कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं ते विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने. ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली, आणि ती वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये तिकडे तसंच ऑपरेशन केलं. त्या हकीकतीतला उपचारक्रम बघा. काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पट्ट्या चार दिवस जागच्या हलवायच्या नाहीत, मग तुपात भिजवलेलं कापड, पाचसहा दिवस उताणं पडून राहणं, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ चिंध्या, आणि कपाळाशी जोडलेली कातडी कापायची ती पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. या साऱ्यात आरसा कुठेच येत नाही. (तूप आलं म्हणून कुणी हळद-तुपाची वाटी घेऊन धावू नये. आताच्या टाक्यांवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही लावायचं नाही, वाफही घ्यायची नाही.)

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. काळजी करू नका म्हणता, आणि खरंच काही बिघडलं तर? बरोबर आहे. पडद्यात रक्त साकळलं तर ते लगेच काढावं लागतं. नाहीतर आतल्या कूर्चेचं पोषण तुटतं, ती विरघळते आणि नाक मधूनच बसतं. पण त्याची लक्षणं कोणती? नाक पूर्ण बंद होणं, ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणं. जंतुसंसर्ग झाला तर ताप, पू, एकाएकी वाढणारी लाल, गरम सूज. शिवाय न थांबणारं रक्त. यातलं बहुतेक आरशाआधी अंगाला कळतं. आणि आमचा मोजणीदार अंगाकडे बघतच नाही! ताप अंगावर काढतो, पण शेंड्याचा अर्धा मिलिमीटर सोडत नाही. नाक शिंकरू नका असं सांगितलेलं असताना मोजायला नीट दिसावं म्हणून शिंकरतो. शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, हेही विसरतो. म्हणून माझं म्हणणं काळजी सोडा असं नाही, ती योग्य जागी करा असं आहे. वर सांगितलेल्यांपैकी एक जरी दिसलं तर फोटो न पाठवता दवाखाना गाठावा, मग रात्रीचे अकरा का वाजले असेनात.

तिसरा आक्षेप खुद्द मोजणीदाराचा आहे आणि तो मला मान्य आहे: "मी विसरेन हो, पण लोक विसरू देतात का?" भेटायला येणारी काकू चप्पल काढता काढता "अगंबाई, पोपटासारखं झालंय" म्हणते. शेजारचे अण्णा "पहिलं काय वाईट होतं" म्हणून चहा मागतात. कुणाचा तरी मेहुणा असा निघतोच की ज्याचं नाक "चार दिवसांत चकाचक" झालं होतं. ही मंडळी गेली की पुन्हा आरसा.

तेव्हा भेटायला जाणाऱ्यांनी पाच फुटांवर बसावं, नाकाचं नाव काढू नये, पावसाबद्दल नाहीतर मेट्रोबद्दल बोलावं. आणि न्यायचीच झाली तर सफरचंदं नकोत, पिकलेली केळी न्यावीत. वरचा ओठ अजून ताठलेला असतो, त्याला चावायला जड जातं.