देवाचं निमित्त

भिंतीवरच्या कालनिर्णयात तुम्हा-आम्हाला चतुर्थी दिसते, दूधवाल्याचे खाडे दिसतात, गॅसचं सिलिंडर कधी लावलं ते दिसतं. तात्यांना त्यात कुस्त्या दिसतात. महाशिवरात्र म्हणजे त्यांच्या लेखी उपास नव्हे, लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतलं मैदान. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी म्हणजे माळेगावचा खंडोबा, आणि खंडोबा म्हणजे दंगल. १३ डिसेंबर ही तात्यासाहेब कोऱ्यांची पुण्यतिथी, त्या निमित्तानं वारणानगरला मोठं मैदान भरतं. ही तारीख तात्यांच्या विशेष आवडीची. "देवाचं तिथीवर असतंय, कधी अधिक महिना येतंय, कधी तिथीचा क्षय होतंय. वारणेचं बरं हाय, हलत न्हाई."

असे तात्या आमच्याकडे तालुक्याला दोन-चार तरी निघतील. यात्रेच्या पत्रकावर खाली एक ओळ असते, 'तमाम कुस्तीशौकिनांनी उपस्थित राहावे'. बाकीचे ती वाचून पत्रकात भजी बांधून घेतात. तात्या मात्र ते आपल्या नावानं आलेलं आवतण समजतात, आणि आवतण मोडणं त्यांच्या घराण्यात नाही.

स्वतः ते कधी लंगोट लावून मातीत उतरले असतील यावर माझा विश्वास नाही. पैलवानाची खूण कानावर असते. मातीत घासून घासून कानाची पार चुरगळलेली भजी होते. तात्यांचे कान शाळेत मास्तरांनी पिरगाळले तेवढेच, बाकी शाबूत. पण बोलायला लागले की ढाक, कलाजंग, मोळी, घिस्सा, एकेरी पट असे डाव तोंडातून सुटतात, की समोरच्यानं आपोआप दोन पावलं मागं सरावं. १९६९ साली लातूरला महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन झालं आणि निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी घरच्या मातीत गदा उचलली, तेव्हा तात्या वडिलांच्या खांद्यावर होते म्हणे. १९७७ साली बेळगावला बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं, तेव्हाही ते तिथं हजर. ती कुस्ती डोळ्यांनी पाहिली असं सांगणारे लातूर जिल्ह्यातले सगळे जर खरोखर गेले असते, तर बेळगावकरांना आत शिरायला जागा उरली नसती. हे मी एकदा बोलून दाखवलं. तात्या शांतपणे म्हणाले, "बेळगावकर भाईरच होते."

तात्यांचा दौरा आखणं बघण्यासारखं असतं. आमचं लातूर हे गाव वेळापत्रकाचं. पोरं पहाटे उठून नीटचे पेपर सोडवतात, त्याला जग लातूर पॅटर्न म्हणतं. तात्यांची दोनशे पानी वही त्याच शाळेतली. गाव, देव, तिथी, मागच्या वर्षी शेवटची कुस्ती कोणाची लागली, इनाम किती जाहीर झालं आणि हातात किती पडलं, निकाली झाली की बरोबरीत सोडवली, आणि शेवटच्या रकान्यात मुक्काम कोणाकडं. एका गावापुढं फक्त 'वांगं बरं' असं लिहिलेलं मी पाहिलंय. पानापानावर जुनी पत्रकं चिकटवलेली असल्यामुळं वही मिटत नाही. तिला रबर लावून ठेवतात.

क्रूझर ठरते, डायव्हर ठरतो, सोबतीला एक म्हातारे वस्ताद घेतले जातात, कारण वस्ताद गाडीत असले की कुठल्याही मैदानात पुढं बसायला मिळतं. मग प्रश्न उरतो काकूंचा. तिथं तात्यांची खरी कला. दौऱ्याला ते दौरा म्हणतच नाहीत.

"तुळजापूरला जाऊन लई दिस झाले गं," असं जेवताना सहज म्हणतात. काकू खूश. तुळजापूरला गेलोच तर पंढरपूर फार लांब नाही. पंढरपूरला गेलो तर कोल्हापूरची अंबाबाई कशाला सोडायची? काकूंच्या लक्षात येईपर्यंत गाडीनं औसा ओलांडलेलं असतं आणि उजनीची बासुंदी समोर आलेली असते. बासुंदी खाणारं माणूस भांडत नाही, हा तात्यांचा अनुभव. अंबाबाईची ओटी भरून होते न होते तोच तात्या सगळ्यांना खासबाग दाखवायला नेतात. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान १९१२ सालचं. तिथं कुस्ती नसली तरी तात्या आखाड्याच्या कडेला उभे राहून हात जोडतात. तुळजापुरात रांग मोठी होती म्हणून याच माणसानं कळसाचं दर्शन घेतलं होतं, हे काकू कोल्हापुरात मोठ्यानं सांगतात.

मिरजेवरून जाताना तात्या दर वेळी टोपी काढतात. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्याची ही जाण. "त्यांनी पाणी दिलं, आपण प्रेक्षक देऊ," म्हणतात.

माळेगावची अडचण निराळी. चतुर्दशीला यात्रा सुरू होते, आणि दुसऱ्या दिवशी अवस. म्हणजे आमची येळवस. त्या दिवशी लातूरचा माणूस शेतात नसेल तर तो एक तर आजारी किंवा वाया गेलेला. कडब्याची कोप, आत पाच पांडव, भज्जी, उंडे, खीर, आंबिलाचं बिंदगं. तात्या सकाळी शेतात पूजा करतात, चर शिंपत फिरतात, आणि प्रत्येक पाहुण्याला विचारतात, "माळेगावला कवा जालालाव?" मग यात्रेच्या पुढच्या दिवसांत दंगल असते तेव्हा उरलेली आंबील कॅनमध्ये भरून क्रूझर अहमदपूरच्या रस्त्याला लागते. घोडे, गाढवं, कुत्री, लावणी, सगळा बाजार ओलांडून तात्या सरळ हलगीच्या आवाजावर चालतात. दुपारी पोरासोरांच्या कुस्त्या. मग इनाम चढत जातं, फेटे वाढत जातात, पंच घसा बसेपर्यंत "खाली बसा" म्हणतात. जिंकलेला पैलवान अंगाला माती तशीच, फडाच्या कडेनं फिरतो; तात्या खिशातून नोट काढून आधी त्याच्या दंडाला हात लावतात, मग नोट देतात. हारलेलं पोरगं कडेला लंगोट झटकत उभं असतं. तात्या त्यालाही बोलावतात. "पट काढताना मान वर ठिवू नको," सांगतात आणि त्याच्या मुठीत दुसरी नोट कोंबतात. ही वहीत मांडत नाहीत.

पुतण्या अमेरिकेत असतो. त्यानं एकदा फोनवर सांगितलं की तोही सुट्टीत गाडी काढून अशीच मैदानं फिरतो. तिकडं म्हणे प्लास्टिकच्या चकत्या फेकून साखळ्या लावलेल्या टोपलीत टाकतात. बहुतेक ठिकाणी अठरा टोपल्या, आणि कमीत कमी फेकीत जो संपवेल तो जिंकला. एका गावची टोपली झाली की पुढच्या गावाला.

"देव कोणचा असतंय तिथं?" तात्यांनी विचारलं.

"देव नसतोय, तात्या."

"मग बायकोला काय सांगून निघतावा?"

पुतण्याला उत्तर सुचलं नाही. तात्यांना त्याची खरीखुरी दया आली. सोबत वस्ताद नाही, हलगी नाही, निमित्तसुद्धा नाही. पण वहीच्या मागच्या पानावर 'अमेरिका, टोपल्या १८' अशी नोंद त्यांनी करून ठेवली. मुक्कामाच्या रकान्यात पुतण्याचं नाव आहे.

७ जानेवारी २०२०ला पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती झाली. नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि आपल्या लातूरचा शैलेश शेळके, दोघंही लातूरच्याच काका पवारांच्या तालमीतले. सदगीर ३-२ नं जिंकला. तात्या दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वस्ताद तर आपलाच हाय की," आणि पेढे वाटले.

मागच्या वर्षी थोरल्याचं लग्न काढलं. स्थळं जवळचीही होती. रेणापूरची एक मुलगी काकूंनी मनात पक्की केली होती. पण मध्यस्थानं सांगली जिल्ह्यातलं पलूस तालुक्यातलं एक स्थळ आणलं आणि तात्या एकदम सावरून बसले. पलूस तालुक्यात कुंडल आहे, आणि कुंडलचं मैदान कुस्तीशौकिनांना पंढरीसारखं. पाहुणे आले. पोहे झाले, शिक्षण झालं, शेती किती ते झालं. तात्या गप्प. शेवटी मुलीच्या वडिलांनीच विचारलं, "तुमची काही अपेक्षा?"

"कुंडल तुमच्यापसून किती लांब?"

"चालत जाऊ शकतो."

"मैदानाला पाव्हणे आले तर उतरायची सोय?"

"वाडा मोकळाच आहे."

तात्यांनी काकूंकडं न बघता वहीचं रबर काढलं. काकू म्हणाल्या, "अवं, पोरगी तरी बगा आधी!"

"पोराला बगू दे की," तात्या म्हणाले, आणि पेन मागितलं.