मिठाला जागलेला डॉक्टर

'स्टार ट्रेक'च्या भक्तांनी पडद्यामागे डोकावू नये. डॉक्टर मॅकॉयवरची श्रद्धा उडेल. १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या मालिकेत तेविसाव्या शतकातला हा धन्वंतरी रोग्याच्या अंगावरून जी चकचकीत उपकरणं फिरवतो, त्यातली काही म्हणजे चक्क मीठदाण्या होत्या. एका भागात मिठाचा प्रसंग होता, त्यासाठी नव्या घाटाच्या आणल्या. पण त्या मीठदाण्या वाटेचनात. मग थेट दवाखान्यात बढती! (आपल्याकडच्या बढत्यांचे निकष काही फार वेगळे नसतात.)

मालिकेतल्या अंतराळयानाचे दरवाजे 'आपोआप' उघडत, म्हणजे भिंतीआडचा कामगार ते ओढे. त्याचा क्षणभर उशीर झाला, की अंतराळवीराचं नाक दारावर. यान दर आठवड्याला नव्या ग्रहावर उतरवणं खिशाला झेपेना, म्हणून माणसंच किरणांतून धाडायची शक्कल निघाली. त्या किरणांतली चमचम? प्रकाशझोतात भुरभुरलेली अ‍ॅल्युमिनियमची पूड. विज्ञानानं थक्क व्हावं असं त्यात काही असेल, तर ते हिशेबनिसाचं डोकं.

इतकी काटकसर करूनही प्रेक्षक कमी पडतात म्हणून एनबीसी या वाहिनीनं १९६९मध्ये मालिका गुंडाळलीच.